आधी खोला बघा

पहाटे 5

मार्गशीर्षातली पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेत, उधाण भरात आहे. उत्तनला घड्याळाआधी तिथी बघतात. या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या पुढेमागे येते. पहाटे मात्र पाणी पार बाहेर गेलेलं असतं. भाटेबंदरला आत्ता खडक आणि चिखल उघडा पडलाय, छोट्या होड्या कुशीवर कलंडल्यात. मोठ्या बोटी दुपारशिवाय किनाऱ्याला लागायच्या नाहीत. तोवर वलांडीवरची कामं उरकून घ्यायची.

सासूबाई माझ्याआधीच येऊन उभ्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यावर ताणलेल्या आडव्या दोऱ्या. ओल्या बोंबलाचा जबडा दुसऱ्या बोंबलाच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. खिळा लागत नाही, सुतळी लागत नाही, बोंबलाचे दातच एकमेकांना धरून ठेवतात. या माशाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ओला असताना बर्फाशिवाय एक दिवस धड राहत नाही, पण दोन-तीन दिवस कोरडं ऊन आणि वारा मिळाला की महिनोन्‌महिने टिकतो. दिवाळीनंतर थेट मे महिन्यापर्यंत आमचा किनारा असा दोऱ्यांनी भरलेला असतो. भाईंदर स्टेशनहून बसने येणाऱ्याला वास आधी भेटतो, समुद्र मग.

टॉर्चच्या उजेडात सासूबाईंनी परवा टाकलेली एक जोडी दोरीवरून उचलली, बोटांनी चाचपली आणि माझ्यासमोर धरली. "बघ. पोरं वाळत घातलीत आपण."

खरंच लहान होते. सुकल्यावर बोंबील आक्रसतो हे धरूनही लहान. सासूबाईंनी आयुष्यभर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात माल नेलाय. मापाची पट्टी त्यांनी कधी हातात घेतली नाही, पण त्यांचा अंदाज चुकत नाही. त्या म्हणतात ते मी रोज संस्थेच्या वहीत वेगळ्या भाषेत बघते. टोपल्या भरतात, पण टोपलीत मासे जास्त आणि वजन तेवढंच.

सकाळी 6:30

मी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत काम करते. डिझेल, बर्फ, परवान्यांची कागदपत्रं, परताव्याचे प्रस्ताव, अशी सगळी कामं माझ्या टेबलावर येतात. आज दुपारच्या भरतीला काही बोटी निघणार आहेत, म्हणून सकाळीच पंपावर रांग लागली.

एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, डिझेलची पावती घेताना म्हणाला, "ताई, पूर्वी एवढ्यात दोन फेऱ्या व्हायच्या." पूर्वी म्हणजे त्याच्या वडिलांच्या वेळी. तेव्हा आमचं जाळं, डोल, इथून जवळच लागायचं. आता बोटी वसई-अर्नाळ्याच्या पुढे, पालघरच्या समोर जातात आणि तीन-चार दिवसांनी परत येतात. वाढत्या अंतराचं डिझेल, वाढत्या दिवसांचा बर्फ, खलाशांचं रेशन, हे सगळं मासळीतूनच काढायचं. मग खर्च भागवायला जे मिळेल ते आणायचं, बारीक असो की जाड.

इथे मला सरकारच्या हिशेबातली एक गोष्ट पटत नाही. मच्छीमार बोटींना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो. तो हवाच, त्यावरच छोटा नाखवा, म्हणजे बोटमालक, तगून आहे. पण परतावा लिटरवर मिळतो. जो जास्त पळतो, जास्त जाळतो, त्याला जास्त. समुद्रात मासा राहावा म्हणून जो आपल्या जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी करतो, त्याला त्यासाठी एक पैसा वेगळा मिळत नाही. सरकारचा पैसा आजही मासा पकडण्याच्या धडपडीवर खर्च होतो, मासा वाढू देण्यावर नाही. मला विचाराल तर मासेमारीच्या धोरणात पहिला बदल इथे हवा. परतावा काढून घेऊ नका, त्यातला एक भाग जाळ्याशी जोडा.

सकाळी 8:30

संगणक सुरू. परवान्याचं नूतनीकरण आता ऑनलाइन. एका नाखव्याच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर एक, नोंदणीच्या पुस्तकात दुसरं. अर्धा तास त्यात गेला.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर माशांचा एक तक्ता लावलाय. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, त्याचा. केरळने हे 2015 मध्येच सुरू केलं होतं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून ते आलं. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर. त्याखालचा मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. त्याच महिन्यात पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. ती मागणी सातपाटीच्या लोकांची, ज्यांची अख्खी पिढी पापलेटावर वाढली आणि ज्यांनी ते हातातून जाताना बघितलं.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. किनाऱ्याजवळचं पाणी छोट्या मच्छीमाराला राखून ठेवावं आणि ट्रॉलरने तिथे येऊ नये, हा त्याचा गाभा. तो का करावा लागला ते आमच्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने यांत्रिकीकरणाला कर्ज दिलं, अनुदान दिलं, कोळंबी परदेशी जाऊ लागली आणि ट्रॉलर कोळंबीच्या मागे थेट किनाऱ्यापर्यंत आले. पुढे पर्ससीन आले. तारली-बांगड्याचा अख्खा थवा वेढून उचलणारं जाळं. त्यावर डॉ. सोमवंशी समिती बसली, तिचा अहवाल आला आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनला मर्यादा घातल्या. परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे, मासेमारी वर्षातले थोडेच महिने, आणि उत्तरेकडे, झाईपासून मुरूडपर्यंत, अजिबात नाही. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीवर बंदी घातली. 2021 मध्ये राज्याने जुना कायदा सुधारला. दंड हजारांतून लाखांत गेले, आणि कारवाईचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्ताकडे आला. यामुळे फरक पडला हे मी मान्य करते. पूर्वी प्रकरण तहसील कचेरीतल्या इतर फायलींत महिनोन्‌महिने पडून राहायचं. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोन उडू लागले.

तरी आमच्या बोटी रात्री दूरवर दिव्यांचा झगमगाट बघतात. पहाटे येऊन सांगतात. ड्रोन किनाऱ्याजवळचं बघतो, आणि त्याने काढलेल्या फोटोतून दंड वसूल व्हायला पुढे माणसं लागतात, गस्तीची नौका लागते, तिच्यात डिझेल लागतं.

सकाळी 11:15

पाणी चढायला लागलं. किनाऱ्यावर टोपल्या, क्रेट, बर्फाच्या लाद्या, टेम्पो. बायका जागा धरून उभ्या. पहिली बोट बाहेर नांगर टाकून थांबली आणि होडीतून माल येऊ लागला.

आज संशोधन संस्थेचा मोजणी करणारा मुलगाही आलाय. त्याचं काम लोकांना नीट माहीत नसतं म्हणून सांगते. देशभर किनाऱ्यावर असे मोजणीदार ठरावीक दिवशी ठरावीक बंदरावर बसतात. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्रीत काय उतरलं ते विचारून लिहायचं. बोटी थोड्या असतील तर सगळ्या, जास्त असतील तर त्यातल्या निवडून. कुठल्या जाळ्याची बोट, किती तास मासेमारी, कुठला मासा किती किलो. त्यातून राज्याचा वर्षाचा आकडा निघतो. 2019 मध्ये महाराष्ट्राचा आकडा 2.01 लाख टन निघाला, त्याआधीच्या 45 वर्षांतला सगळ्यात कमी. आदल्या वर्षी तो 2.95 लाख टन होता. त्या वर्षी वादळंही झाली, क्यार आणि महा एकामागोमाग एक आली, आणि बोटी ऐन हंगामात बांधून राहिल्या. म्हणजे सगळी घट मासा संपल्यामुळे नव्हती. पण पुढची वर्षं बरी गेली की लगेच "मासा परत आला" म्हणायचं, तेही मला पटत नाही. टनांचा आकडा मासा किती मोठा होता ते सांगत नाही.

दुपारी 12

आता मुख्य गोष्ट. डोल.

डोल म्हणजे लांबलचक शंकूसारखं जाळं. समुद्रात खुंट मारून, दोर बांधून ते प्रवाहाच्या तोंडाला लावायचं. ती जागा म्हणजे कव. बोट जाळं ओढत नाही. पाणी वाहतं आणि मासा स्वतःच आत येतो. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की जाळं उचलायचं. म्हणून डोलीचा सगळा कारभार उधाणावर; उधाण नसताना, भांगेला, प्रवाह मंद आणि मासा कमी. इंजिनाशिवायच्या काळातली ही फार शहाणी पद्धत आहे, डिझेल जाळून समुद्राचा तळ खरवडत नाही. पण तिची एक बाजू आम्ही कोळी लोक चारचौघांत बोलत नाही. जाळ्याच्या तोंडाशी आस एवढी मोठी की वीत सहज जाईल. तिथून ती लहान लहान होत जाते आणि शेवटी, जिथे मासा साठतो त्या खोल्याशी, करंगळी जेमतेम शिरते. जे आत गेलं ते खोल्यात अडकलं. प्रवाहाच्या दाबाने सगळं एकमेकांवर दाबलं जातं. जाळं वर येतं तेव्हा बोंबील बहुतेक मेलेला असतो.

आज एका बोटीचा न निवडलेला माल मी क्रेटमधून प्लास्टिकवर ओतायला सांगितला आणि लाकडी पट्टी घेऊन बसले. मोजणीवाला मुलगाही बाजूला आला. बोंबील, मांदेली, करंदी, थोडी वाकटी, दोन शिंगाळे, एक ढोमा, मूठभर जवळा. आणि त्यात तीन पापलेटं. चांदीच्या रुपयासारखी चकचकीत, अख्खं पापलेट माझ्या तळहातात मावलं. पट्टीवर ठेवलं, शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलं, तर 90 मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे कायद्याने ज्याला हात लावायचा नाही ते. अजून एकदाही अंडी न घातलेलं. बोंबील मोजायला घेतले. काही 200 च्या वर, चांगले. बरेच 180 च्या खाली.

"काय गो बाय, आज मोजायला बसलीस?" मालकीणबाईंनी विचारलं. "मोजून काय करणार? परत पाण्यात टाकलं तर जिवंत होणार हाय का?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्नच बरोबर होता. किमान लांबीचा नियम गळाला लागलेल्या माशाला चालतो, हाताने सोडवून परत सोडता येतो. काही जाळ्यांनाही चालतो. डोलीला तो उपयोगाचा नाही, कारण डोल मासा मारून मग दाखवते. पट्टी किनाऱ्यावर लावली तर मालकीणबाईंना दंड होईल, पापलेट काही वाढणार नाही. शिवाय दंडाच्या भीतीने लहान मासा समुद्रातच फेकला तर तो मेलेलाच फेकला जाईल आणि मोजणीवाल्याच्या वहीतही येणार नाही. म्हणजे नुकसानही आणि त्याची नोंदही नाही.

नियम माशाच्या लांबीपाशी लावायचा असेल तर तो आधी खोल्याच्या आसेपाशी लावा. खोल्याची आस मोठी असेल तर लहान बोंबील, लहान पापलेट पाण्यातच सुटून जाईल, जिवंत. शास्त्रज्ञ ट्रॉलच्या खोल्यासाठी 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसेची शिफारस कित्येक वर्षं करताहेत, त्यामागेही हेच कारण. नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते आणि ओढ लागली की ती मिटते, चौकोनी आस ओढीतही उघडी राहते. डोलीसाठी किती मिलिमीटर हे शास्त्रज्ञांनी आणि आमच्या तांडेलांनी मिळून, एका हंगामात शेजारी शेजारी दोन डोली लावून ठरवायला हवं. केरळात किमान लांबीच्या नियमानंतर राणी माशाचं उत्पादन वाढल्याचं संशोधन संस्थेनेच नोंदवलंय. म्हणजे लहान मासा सोडला तर तो खरंच परत येतो.

एक अडचण इथे खरी आहे. ती सांगितल्याशिवाय कोणताही नियम आमच्या लोकांना पटणार नाही. जवळा आणि करंदी लहानच असतात. जवळा मोठा होतच नाही, त्याचं आयुष्य काही महिन्यांचं. तो पकडायचा तर बारीक आसच लागते, आणि जवळ्यावर कित्येक घरं चालतात. म्हणून एकच आस सगळ्यांना हा तोडगा चालणार नाही. जवळ्याची डोल वेगळी, तिची वेळ आणि जागा ठरलेली. बोंबलाची डोल वेगळी, तिचा खोला मोठा. एका बोटीवर एका फेरीत एकच. हे तपासायला ड्रोन लागत नाही. किनाऱ्यावर वाळत घातलेलं जाळं हातात घेऊन बघायचं. पण आजवर आमच्या किनाऱ्यावर खोला तपासायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

लिलाव चालू झाला. मोठे बोंबील आधी गेले, सगळ्यात वरचा भाव. बारीक माल मिसळून टोपलीने गेला. गिऱ्हाईक मोठ्या माशाला किलोमागे कितीतरी जास्त देतं, हे इथे उभं राहिलं की दोन मिनिटांत समजतं. तीच पापलेटं वर्षभर समुद्रात राहिली असती तर एकेक शेकड्यात गेलं असतं. आज ती तिन्ही कालवणाच्या टोपलीत गेली.

दुपारी 2:30

जेवण, आणि ओला माल वलांडीवर. शेजारच्या मावशीने खोल्यातून निघालेला कचरा एका बाजूला ढीग करून ठेवलाय. पिशव्या, बिस्किटांचे पुडे, दुधाच्या थैल्या, एक चप्पल. डोल प्रवाहाला उभी असते, म्हणून मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरारच्या नाल्यांतून जे काही समुद्रात जातं ते ती गाळते. खलाशांचा निम्मा वेळ माशातून प्लास्टिक निवडण्यात जातो. मासेमारीच्या धोरणाची चर्चा मत्स्य खात्यापुरती ठेवली तर हा ढीग कुणाच्याच फायलीत येत नाही. पण याच गाळात, याच खाडीत, तिवरांच्या मुळाशी कोळंबीची आणि कित्येक माशांची पिल्लं वाढतात. वाढवणचं बंदर होतंय, उत्तनहून विरारला सागरी सेतू जाणार म्हणतात. विकास नको असं इथे कुणी म्हणत नाही. कव कुठे राहणार, तिवरं किती राहणार, हे आधी सांगा एवढंच म्हणणं.

संध्याकाळी 6:30

संस्थेच्या हॉलमध्ये बैठक. प्रार्थना आटोपून तांडेल, नाखवे, काही बायका आल्या. तीन विषय.

पहिला कव. आमच्या, वसईच्या, अर्नाळ्याच्या बोटी उत्तरेला कव मारतात आणि पालघर-डहाणूचे जाळ्यांवाले चिडतात, कारण आमच्या खुंटांत त्यांची पापलेटाची जाळी अडकतात, फाटतात. हा वाद तीन-चार दशकांचा. समित्या झाल्या, बैठका झाल्या, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या. आज एक तरुण नाखवा म्हणाला, "समुद्र काय कुणाच्या बापाचा हाय?" मागून एका म्हाताऱ्या तांडेलाने उत्तर दिलं, "बापाचा नाय म्हणूनच मोजून घ्यायला पायजे." माझंही मत तेच. ट्रॉलरने आमच्या हद्दीत येऊ नये म्हणून आपण मोर्चे काढतो, मग कवांची संख्या ठरवायला आपण का घाबरायचं? प्रत्येक गावाच्या कवांची यादी, जागेसकट, दोन्ही बाजूंच्या संस्थांनी सही करून खात्याला द्यावी. नवीन कव दोघांच्या संमतीशिवाय नको.

दुसरा विषय पावसाळ्यातली मासेमारी बंदी. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पूर्वी महाराष्ट्रात ती 10 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, जे आधी येईल तोवर असायची. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र खवळलेला असतो, पिल्लं अजून लहान असतात, आणि मोठ्या ताकदीच्या बोटी पहिल्याच दिवशी निघून सगळं झाडून नेतात. पालघर-वसईकडच्या काही गावांनी 15 मेपासूनच स्वतःहून बंद पाळला होता. बैठकीत बहुतेकांना बंदी 15 ऑगस्टपर्यंत हवी. एकच अट, आम्ही बांधून राहिलो तर शेजारच्या राज्याची आणि दक्षिणेकडची बोटही बांधलेली हवी. ही अट रास्त आहे. बंदी पाळणाऱ्यालाच तोटा होत असेल तर पुढच्या वर्षी कुणी पाळणार नाही.

तिसरा विषय नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने खोल समुद्रासाठी काढलेले नियम. 12 सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं, तिथून पुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचं. आजवर त्या पुढच्या पाण्यात आपल्याच देशाच्या बोटींना धड कायदा नव्हता. म्हणून दिवा लावणारी बोट पकडली की ती म्हणायची, मी 12 मैलांच्या बाहेर होते. 2017 ची बंदी होती, पण आता दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायचं ट्रॉल तिथे नियमानेच बंद, मोठ्या बोटींना ऑनलाइन परवानगी सक्तीची आणि सहकारी संस्थांना प्राधान्य. खोल समुद्राचा कुपा, म्हणजे ट्यूना, आपल्या संस्थांनी धरावा, किनाऱ्याचा भार हलका व्हावा, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण 1991 मध्येही खोल समुद्राचं धोरण आलं होतं, तेव्हा परवाने परदेशी भागीदारीच्या जहाजांना गेले, देशभर मच्छीमारांनी संप केले आणि मुरारी समितीने ते परवाने रद्द करायला सांगितले. म्हणून आमचे लोक कागद दोनदा वाचतात. तीन-चार दिवसांच्या डोलीच्या बोटीने कुप्यामागे जायचं तर बोट वेगळी, जाळं वेगळं, शीतगृह वेगळं, शिक्षण वेगळं. त्यासाठी भांडवल कुणाचं, हे त्या कागदात शोधूनही मला नीट दिसलं नाही.

शेवटी मी खोल्याचा विषय काढला. हॉल गप्प झाला. मग एकदम सगळे बोलायला लागले. "आम्ही आस मोठी केली आणि बाजूच्याने नाय केली तर?" "आधी दिवेवाल्यांना पकडा, मग आमच्याकडे या." "बारीक मासा आज नाय आणला तर खलाशाचा पगार कुठून?"

यातलं शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एका प्रशिक्षणात आम्हाला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची गोष्ट सांगितली होती. तिथल्या किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार ऐंशीच्या दशकात ओरडत होते की कॉड मासा लहान होत चाललाय, कमी होत चाललाय. सरकारने मोठ्या जहाजांच्या आकड्यांवर विश्वास ठेवला. 2 जुलै 1992 ला कॉडची मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. हजारो लोकांची कामं एका दिवसात गेली आणि कॉड पुढे तीस वर्षं सावरला नाही. मी तेच सांगितलं. तिथे मासा लहान होतोय हे आधी किनाऱ्यावरच्यांनाच दिसलं होतं. इथेही दिसतंय. फरक एवढाच की आपल्या हातात अजून वेळ आहे.

दीड तास वाद झाला. ठराव असा लिहिला. पुढच्या हंगामात संस्थेच्या काही बोटी स्वखुशीने मोठ्या आसेचा खोला लावतील, संशोधन संस्थेला मोजणीसाठी बोलवायचं. त्या बोटींना होणारा तोटा भरून निघावा म्हणून डिझेल परताव्यात जादा हिस्सा मिळावा, असं पत्र खात्याला. कवांची यादी. बंदी 15 ऑगस्टपर्यंत, सर्व राज्यांत एकत्र. दिवे आणि पर्ससीनवर वर्षभर गस्त, फक्त तक्रार आल्यावर नाही. सह्या झाल्या, दोघांनी नाही केल्या.

रात्री 11:45

मध्यरात्रीची भरती चढतेय. बर्फ भरला, डिझेलच्या पावत्या तपासल्या. बोटी निघताना प्रत्येकीवरचा ट्रान्सपॉंडर चालू आहे का ते खलाशांना विचारून वहीत टिपलं. वादळात बोट कुठे आहे ते कळावं म्हणून हे यंत्र दिलंय, पण काही जण ते बंद ठेवतात, आपली जागा दुसऱ्याला कळेल या भीतीने. त्यावर उद्या पुन्हा बोलावं लागेल.

आणि हे सगळं मुंबईत, ठाण्यात, भाईंदरमध्ये बसून मासे खाणाऱ्यांसाठीही लिहितेय. बाजारात तुमच्याकडे पट्टी नसते, पण हात असतो. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण 180 मिलिमीटर भरतात. तेवढा नसलेला बोंबील आणि तळहातात मावणारं पापलेट घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. मासेवालीला सांगा, का घेत नाही ते. तिचं ऐकून नाखवा खोला बदलेल, आणि खात्याने आमच्या पत्राला उत्तर दिलं तर लवकर बदलेल.